अस्सल मॅगझिन

शनि., ८ सप्टें. २००७
शिसारी आली. दुसरा शब्द नाही.
केतकीबरोबर गावाबाहेरच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेलो होतो. मागच्या महिन्यात तिथेच गोधड्यांचं प्रदर्शन होतं, सुषमा आणि मी पाहून आलो होतो. तीच लांब टेबलं, त्याच पांढऱ्या चादरी, आज वर पिस्तुलं. एका टेबलावर घरी केलेला जॅम, शेजारी काडतुसांचे खोके. बाबागाडीतलं मूल कॉटन कँडी खात होतं आणि बाप वाकून बंदुकीच्या नळीतून उजेड बघत होता. जॅमवाली बाई फार प्रेमळ होती. 
के.ला पिस्तुलात गोळ्या भरायची मॅगझिनं हवी होती. पोलीस अकॅडमीच्या नेमबाजी परीक्षेला तीन लागतात, पिस्तुलाबरोबर दोनच आलेली. इथे पेट्यांमध्ये गवारीसारखा ढीग. टोपीवाला म्हातारा म्हणाला, एका अस्सलच्या भावात तीन देतो. "सेम थिंग. सेम स्टील."
मी विचारलं, कुठलं स्टील? स्प्रिंगची तार किती जाडीची?
"इट्स मेटल, माय फ्रेंड."
के. माझी बाही ओढत होती. "बाबा, नॉट हिअर. प्लीज."
तीन घेतली तिने. 

रवि., ९ सप्टें.
डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाचही मॅगझिनं खोलली. पिस्तुलाबरोबर आलेली दोन, ती फॅ. (फॅक्टरीची). कालची तीन, ती आ. (आफ्टरमार्केटची). पुढे असंच लिहीन.
वस्तू साधी. पत्र्याची चपटी नळी. तळाला स्प्रिंग, तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकची एक पायरी. पायरीवर गोळ्यांची थप्पी. वर तोंडाशी पत्रा आत वळवून केलेले दोन ओठ, ते वरची गोळी धरून ठेवतात. एक सुटली की स्प्रिंगने दुसरी वर आणायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत. बस्स. बाकी सगळं पिस्तूल या एका स्प्रिंगच्या भरवशावर.
आणि स्प्रिंग मला कळते. सव्वीस वर्षं तेच करतोय. या ट्रॉय गावाच्या परिसरातल्या गाड्यांचे ब्रेक मी पास केलेल्या स्प्रिंगांवर मागे येतात.
आ.चे ओठ दोन्हीकडे सारखे नाहीत. एकाला धार आहे, बोटाला लागली. जोड ओबडधोबड. पायरी एका बाजूला कलते. हे विकायला लाज कशी वाटत नाही? या देशात आता नक्कल करणाऱ्यालाही नीट नक्कल करायचा कंटाळा.
सु. येऊन बघून गेली. "जेवायच्या टेबलावर?" एवढंच.
पाचही मॅगझिनं पोकळ नकली गोळ्यांनी भरून कपाटात ठेवली. पंधरा दिवस दाबून ठेवायची, मग मोजायची.

मंगळ., ११ सप्टें.
के.शी पुन्हा तेच. मी आयुष्यभर शस्त्राविरुद्ध बोललो. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धांपासून इथल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठापर्यंत. आणि माझी मुलगी तेविसाव्या वर्षी कमरेला पिस्तूल लावणार. समाजशास्त्राची पदवी घेतली, दोन वर्षं मार खाल्लेल्या बायकांच्या आसऱ्याच्या घरात काम केलं, आणि मग हे.
मी माझं सगळं सांगितलं. चांगलं बोललो, मला कळतं केव्हा चांगलं बोललो ते. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग: "बाबा, त्या बायका फोन करतात ना, तेव्हा दारात जो पहिला पोलीस येतो त्याच्यावर सगळं ठरतं. आय वॉन्ट टू बी दॅट वन."
 पिस्तूल थांबवता येत नसेल तर निदान ते अडणार नाही एवढं मी बघीन.

सोम., २४ सप्टें.
पंधरा दिवस झाले. पिस्तूल घरीच कुलपात, फक्त पाच स्प्रिंगा डब्यात घालून कंपनीतल्या माझ्या लॅबमध्ये नेल्या. जेवणाच्या सुट्टीत मशिनवर दाबून पाहिल्या. फॅ. दोन्ही जशा होत्या तशा. आ. तिन्ही बसल्या, दाब काढला तरी पूर्ण वर येईनात. एक तर इतकी, की हातात धरली तरी कळते. दमलेली स्प्रिंग.
परत आलो तर टेबलावर खरेदी विभागाचा नमुना. ब्रेकसाठी स्वस्तातली नवी स्प्रिंग. "जरा लवकर ओके करून द्या." मशिनवर चढवली. तीच दमलेली जात. नापास लिहून परत पाठवली. दुपारी खरेदीचा माणूस येऊन माझ्या दारात उभा. म्हणाला, बाकी सगळे वापरतात. म्हटलं, मग बाकी सगळ्यांकडे जा.
सगळीकडे तेच. चालतंय ना, मग चालू दे.

गुरु., ४ ऑक्टो.
तिसरं फॅ. आणलं, रीतसर दुकानातून, खोक्यातलं. के. म्हणाली, "यू डिडन्ट हॅव टू." पण खूश होती.
नियम घालून दिला: सरावाला आ., परीक्षेला फक्त फॅ. तीन. तोवर फॅ.ला हात लावायचा नाही. झीज नको, धूळ नको. हसली. "येस, सर."
परीक्षा २४ तारखेला. नापास झालं तर एकदाच फेरपरीक्षा. तीही गेली तर अकॅडमी गेली, आणि शेजारच्या गावच्या पोलिसांनी देऊ केलेली नोकरीही.

शनि., २० ऑक्टो.
खंडेनवमी. सु.ने दिवाणखान्यात पाट मांडला. तिचं शिवणयंत्र, माझा मोजमापाचा व्हर्निअर, गाड्यांच्या किल्ल्या, लॅपटॉप. मग के. कुलपाची पेटी घेऊन आली. "आई, माझंपण?"
मला वाटलं सु. नाही म्हणेल. तिने पाटावर जागा केली. "तुझं कामाचं आहे ना, मग ठेव."
पिस्तूल रिकामं, के.ने दोनदा तपासून दाखवलं. फॅ. तिन्ही मीच मांडली, पुढे, ओळीने, उभी, तोंडं वर. आ. पिशवीतच राहू दिली. नकली वस्तूची पूजा कसली?
आपटा इथे मिळत नाही. अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं आणली, आकाराने थोडीफार तशीच वाटतात, पिवळी पडायला लागलेली. सु.ने हळदकुंकू लावलं, एकेक अक्षता वाहिली. मी मंत्र म्हटले. आवाज चांगला लागला आज. शेवटी मूठभर अक्षता सगळ्यांवर उधळल्या. के.च्या केसांतही गेल्या.
के. पुसायला फडकं घेऊन आली. मी थांबवलं. दसरा होईपर्यंत शस्त्र हलवायचं नसतं.
"बाबा, ते ओलं आहे."
"वाळेल."
जन्मभर शस्त्राला शिव्या देणाऱ्या माणसाने त्याची पूजा केली. लिहून ठेवतो. स्वतःचीही जरा किळस येऊ दे.

रवि., २१ ऑक्टो.
मंडळाचा दसरा. शाळेचा हॉल, सव्वादोनशे माणसं, माझं भाषण. विषय: अस्सल. खरेदी विभाग, स्वस्त ब्रेक, आपली भेसळ झालेली भाषा, आणि शेवटी के.ची मॅगझिनं. "माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा मी नक्कल नाकारली!" टाळ्या. बऱ्याच वेळ टाळ्या.
के. मागच्या रांगेत खाली बघत होती.
अध्यक्ष साठे, नागपूरचे, चहाच्या रांगेत: "दणदणीत झालं, भाऊ. पण कायले त्या पोरीच्या हातात बंदूक देता?" हाच माणूस घरी तीन रायफली बाळगतो, हरणांसाठी म्हणे. मी चहाचा पेला घेऊन पुढे सरकलो.

सोम., २२ ऑक्टो.
के.ने सकाळी पिस्तूल आणि फॅ. वरून पुसून पेटीत ठेवली. "बाबा, एक मॅगझिन भरताना जड जातंय."
"नवी स्प्रिंग ताठच असते."
सु. म्हणाली, कुंकू पुसलं ना नीट? हो, म्हणाली.

बुध., २४ ऑक्टो.
नापास.
दुपारी चारला आली. बूट न काढता जिन्यावर बसली. पहिलं मॅगझिन सुरळीत. दुसऱ्यात तिसऱ्या गोळीनंतर अडकलं. शिकवल्याप्रमाणे तळाला थाप, पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागे, पुन्हा. पुन्हा अडकलं. वेळ संपला. तिसऱ्या मॅगझिनपर्यंत पोचलीच नाही.
शिकवणारा साठीचा आहे, सगळे त्याला सार्ज म्हणतात. त्याने तिचं पिस्तूल घेऊन आपल्या मॅगझिनने झाडून दाखवलं. एकदाही अडलं नाही. म्हणाला, मनगट सैल पडतंय, लहान चणीच्या मुलींचं होतं असं.
म्हणजे वस्तू निर्दोष आणि पोर दोषी. वा!
"बट इट वॉज द फॅक्टरी वन, बाबा." हे तिने तीनदा म्हटलं. आरोप नव्हता. त्यामुळेच लागलं.

गुरु., २५ ऑक्टो.
रजा टाकली. मॅगझिन बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला बसलो. पाच पानं. सव्वीस वर्षांचा अनुभव, तपासणीचे आकडे, एका तरुण मुलीचं भवितव्य, निष्काळजीपणा, नफेखोरी. इतकं धारदार पत्र मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. सु.ला वाचून दाखवलं.
"पाठवण्याआधी एकदा उघडून बघितलंत का ते?"
बघायचं काय त्यात? स्प्रिंग मी स्वतः मोजली होती. सप्टेंबरात.

शनि., २७ ऑक्टो.
मंडळाची कोजागिरी, दुपारीच, कारण हॉल तेव्हाच मिळतो. मसाला दूध कागदी पेल्यांत. बातमी सगळ्यांना कळलेली. साठ्यांनी माइक हातात दिला, मीही घेतला. अस्सलही आता नकली झालं आहे, एवढ्यावर वीस मिनिटं. कंपनीचं नाव घेऊन बोललो. फसवणूक म्हटलं. पुन्हा टाळ्या.
के. आली नव्हती. बरं झालं.

रवि., २८ ऑक्टो.
पत्राबरोबर पुरावा जोडायचा म्हणून आज अडलेलं मॅगझिन खोललं. गराजमध्ये, एकटा.
तळपट्टी सरकवली, स्प्रिंग बाहेर. पायरी येईना. नळी हातावर आपटली. आली, आणि तिच्याबरोबर एक तांदूळ. पिवळा. एका बाजूने कुंकवाने लाल.
नळीच्या आत वरपासून खालपर्यंत हळदीचा ओघळ, वाळून टणक झालेला. तांदूळ पायरी आणि पत्रा यांच्यात पाचरीसारखा बसला होता. भरताना जड गेलं, ते हे. मधेच अडलं, ते हे.
बाकीची दोन खोलली. एकात हळदीचे दोन ठिपके. एक स्वच्छ.
स्टुलावर बसलो.
उभी, तोंडं वर. मीच मांडली. पुसू दिलं नाही, मीच. जड जातंय म्हणाली, तेव्हा ताठच असते म्हणालो, मीच. सु.ने एकेक अक्षता वाहिली होती, नीट बघून. मूठ माझी होती.
लॅबमध्ये पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो: ज्या भागाला कुणाचा हात लागला, तो पुन्हा तपासल्याशिवाय लावायचा नाही. हातात वस्तू होती आणि मी भाषण करत होतो.
तांदूळ लॅबच्या छोट्या प्लॅस्टिक पिशवीत टाकला, तारीख लिहिली. सवय. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पत्र फाडलं.

मंगळ., ३० ऑक्टो.
सांगितलं नाही.
काल संध्याकाळी जेवताना सांगणार होतो. पहिलं वाक्य जमवत राहिलो. "केतकी, एक गोष्ट" हे चांगलं, की सरळ तांदूळ पुढे ठेवावा? इतक्यात तिने ताट उचललं.
हजार माणसांपुढे मला शब्द अडत नाही. स्वतःच्या मुलीपुढे चार शब्द अडतात. मला माझाच कंटाळा आला आहे.

शुक्र., २ नोव्हें.
आज कळलं मी काय करून बसलोय.
के. सरावाहून आली, उजवं मनगट सुजलेलं, पट्टी बांधलेली. सार्जच्या सांगण्यावरून गेले आठ दिवस पकड बदलते आहे. मनगट ताठ धरायचं, अजून ताठ. आधी नीट लागायच्या त्या गोळ्याही आता बाहेर जातात. सु. बर्फ लावत होती.
"मे बी आय ॲम जस्ट नॉट बिल्ट फॉर इट." सु.ला म्हणाली, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. गेलं.
आणि फेरपरीक्षेला आ. नेणार. "निदान ती माझ्याशी खोटं नाही बोलली." त्या दमलेल्या स्प्रिंगा! मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने?
जी पकड चुकीची नाही ती ही पोर सुधारते आहे, आणि मी माझी अब्रू सांभाळतो आहे. साठे काय म्हणतील, याचा विचार आला. खरंच आला. थू.

रवि., ४ नोव्हें.
सांगितलं.
ती गराजमध्ये आ. मॅगझिनं साफ करत होती. पिशवी तिच्यासमोर ठेवली. उजेडात धरून बघितली तिने.
"व्हॉट इज दिस?"
"तांदूळ."
"आय कॅन सी दॅट, बाबा."
मग सांगितलं. खंडेनवमी, मूठ, ओघळ. पाच-सहा वाक्यांत झालं. इतकं छोटं होतं. एका आठवड्याची चालढकल कशासाठी केली?
ती हसायला लागली. हसत हसत खाली फरशीवर बसली, मागे टायरला टेकून. "राइस! ऑफ ऑल थिंग्ज!" मग तेच हसणं कधी रडण्यात गेलं कळलं नाही. मी उभाच. फडकं पुढे केलं, ते तेलाचं होतं.
मग तिने पट्टी बांधलेला हात वर केला. "सो माय रिस्ट इज ओके?"
"तुझ्या मनगटाला काही झालेलं नाही. पहिल्यापासून."
"कधीपासून माहितेय तुला?"
"गेल्या रविवारपासून."
हे ऐकून मात्र हसली नाही. बराच वेळ पट्टी सोडत राहिली. एक वेढा, दुसरा वेढा.
"एक आठवडा, बाबा."
"हो."
मी तोंड उघडणार तेवढ्यात हात वर केला. "नो स्पीच." आणि दाराशी जाऊन वळली. "आणि आईला सांगू नकोस. तिला वाटेल तिच्यामुळे. प्रॉमिस?"
प्रॉमिस केलं. पिशवी पुन्हा ड्रॉवरमध्ये.

सोम., ५ नोव्हें.
साठ्यांचा फोन. शनिवारी मंडळाची दिवाळी, पंधरा मिनिटं बोला. "त्या कंपनीची पुन्हा खिल्ली उडवा, भाऊ, लोकांले लय आवडलं!"
मला माझे शब्द परत घ्यायचे आहेत, म्हणालो.
"कोणते?"
"सगळेच."
त्यांना ती गंमत वाटली. खो खो हसले. माझ्या शब्दांची आता ही किंमत.

मंगळ., ६ नोव्हें.
आयुष्यात पहिल्यांदा नेमबाजीच्या मैदानावर गेलो. के. म्हणाली, "यू आर द स्प्रिंग गाय. ये आणि बघ." कानांवर टोप्या, डोळ्यांवर चष्मे. प्रत्येक आवाज छातीत लागतो. शेजारच्या रांगेतला माणूस प्रत्येक फेरीनंतर लहान मुलासारखा हसायचा. मला अजूनही या सगळ्याची किळस आहे. ती जायची नाही, जाऊही नये.
पण काम काम आहे. सहा मॅगझिनं, प्रत्येक पाच वेळा, मी नोंद ठेवत होतो. फॅ. तिन्ही धुऊन पुसलेली: एकदाही अडली नाहीत. तांदूळवालंही. आ.: दोन पाचही वेळा चालली. मी नापास केली असती ती दोन्ही. तिसऱ्यात शेवटची गोळी दोनदा वर आलीच नाही.
म्हणजे माझ्या मशिनने तिघांना दोषी धरलं, मैदानावर एकच निघालं. आणि मी ज्याची पूजा केली ते सगळ्यांत वाईट वेळी अडलं. यातून सिद्धांत काढायची फार इच्छा झाली. काढला नाही.
के.ने जुनी पकड परत घेतली होती. मनगट अजून थोडं दुखतं. कागदावरची भोकं मधे मधे येत होती, सगळी नाही.
"उद्या कुठली नेऊ?" तिने विचारलं. महिन्याभरापूर्वी मी तासभर बोललो असतो.
"हे आकडे. तू ठरव."
कागद घडी करून खिशात टाकला तिने.

बुध., ७ नोव्हें.
के. सव्वासातला निघाली. पेटीत कुठली तीन आहेत मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पट्टी नव्हती, पण कॉफीचा मग डाव्या हाताने उचलला.
सु. तबक घेऊन दारात आली. के. एकदम पेटी मागे लपवत म्हणाली, "आई, याला नको. मला लाव."
"तुलाच लावायला आलेय."
कुंकू लावलं. निरांजन ओवाळलं. हातावर दही दिलं. के. वाकली, सु.ने डोक्यावर हात ठेवला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं.
"अगं, अक्षता?"
"आज नकोत," सु. म्हणाली. तबकाकडेच बघत.
के.ने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: नाही, मी नाही सांगितलं.
गाडी मागे गेली, वळली. रेडबडखालून गेली, पानं सगळी गळलेली. सु. आत जाऊन भाजी निवडायला बसली. मी टेबलाचा ड्रॉवर उघडला. पिशवी जागच्या जागी. फक्त पालथी ठेवलेली. मी तारीख वर करून ठेवतो, नेहमी.
कधी बघितलं असेल तिने? मी पत्र फाडलं तेव्हाच?
स्वयंपाकघरात गेलो. तिच्या समोर बसलो, मेथीची एक जुडी ओढली. काही बोलावं असं वाटलं.
"तुम्ही दांडे ठेवताय," ती म्हणाली.
दांडे काढायला लागलो.
परीक्षा दहाला होती. आता सव्वाअकरा. फोन मधे टेबलावर आहे, दोघांच्या मधोमध. दोघेही त्याच्याकडे न बघता मेथी निवडतोय.